मावा खाणारा ढालकिडा कॅमेऱ्यात कसा टिपावा?

प्रश्न : घरामागच्या बागेतील चवळीवर मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) पडला असून तो खाण्यासाठी ढालकिडे (लेडीबर्ड भुंगेरे) येत आहेत. मॅक्रो लेन्स वापरूनही माझ्या छायाचित्रांत त्यांची चकाकणारी पाठच तेवढी दिसते, खाणे दिसत नाही. तसेच जास्वंदीवरील पिठ्या ढेकणांमध्ये (रस शोषणाऱ्या पांढऱ्या, पिठाळ किडींमध्ये) कापसासारखा एक मोठा कीटक फिरताना आढळला. त्यावर औषध फवारावे काय?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : फवारणीची घाई होऊ नये म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपल्या वर्णनावरून ती क्रिप्टोलिमस या भुंगेऱ्याची अळी असावी. मूळचा ऑस्ट्रेलियातील हा मित्रकीटक 1898 मध्ये भारतात आणला गेला आणि द्राक्षबागायतदार तो पिठ्या ढेकणांवर सोडतात. अळीच्या अंगावर भक्ष्यासारखेच पांढरे मेणचट तंतू असल्याने जाणकारही फसतात; मात्र पिठ्या ढेकूण जवळपास जागचा हलत नाही आणि ही अळी लगबगीने फिरते, हा फरक पुरेसा आहे.

आता छायाचित्राविषयी. वरून घेतलेल्या चित्रात ढालीखाली तोंड झाकले जाते, त्यामुळे कॅमेरा पानाच्या पातळीवर, कीटकाच्या बाजूला किंवा किंचित समोर आणावा आणि फोकस पाठीवरील ठिपक्यांवर न धरता जबड्यावर धरावा. कीटक सेन्सरवर प्रत्यक्ष आकाराएवढा येतो तेव्हा लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ 11 इतके लहान ठेवूनही जेमतेम एक मिलिमीटर खोलीच स्पष्ट येते. म्हणून श्वास रोखून, शरीर हलकेच पुढेमागे करीत ओळीने दहा-पंधरा चित्रे घ्यावीत. पाठीवरची चकाकी फ्लॅशच्या उघड्या प्रकाशाने येते. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर लावल्यास ती बरीच सौम्य होते, त्यासाठी महागडे साहित्य घेण्याची मुळीच गरज नाही.

सकाळच्या गारव्यात कीटक मंद असतात आणि वाराही कमी असतो. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये. दचकलेला ढालकिडा पाय आखडून खाली पडतो, क्वचित पायांच्या सांध्यांतून पिवळा द्रवही सोडतो. ज्या शेंड्यावर मुंग्या आहेत तो टाळावा, कारण माव्याच्या गोड स्रावासाठी त्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात. माझा कल विचाराल तर प्रौढापेक्षा त्याची काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी निवडावी. तिला ढाल नसल्याने तोंडातला मावा स्वच्छ दिसतो.