वहीत ‘आरोपी : मी’ लिहिणारा भाऊ

रावेर तालुक्यातून एका बहिणीचं पत्र आलं आहे. गेल्या मेमध्ये तिचे आबा केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या बघायला गेले आणि तिथेच कोसळले. हृदयविकार. अठरा वर्षांचा भाऊ घरी लॅपटॉपवर गेम खेळत होता आणि त्याचा मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. त्यावर आबांचे तीन मिस्ड कॉल आले होते. ती लिहिते : ‘मावशी, गंधमुक्तीलासुद्धा त्याच्या डोळ्यात टिपूस नव्हतं. दारावर आलेल्या बायका म्हणाल्या, पोरगं दगडाचं आहे. दहा महिने झाले, तो अजून तोच कोर्टाचा गेम खेळतो. त्यात माणसं मरतात आणि बाकीचे दुसऱ्या मिनिटाला हसतात. परवा त्याची वही सापडली. वर लिहिलंय “कोर्ट रेकॉर्ड”, खाली वेळा : 1.52, 1.55, 2.03 आबांचे फोन, 2.40 शेजारच्या बागेतल्या माणसाला दिसले, 3.25 दवाखाना. शेवटी “आरोपी : मी”. हा गेम काढून टाकू का?’

पोरी,

गेम काढू नकोस. तू गेमचं नाव लिहिलं नाहीस, पण ‘कोर्ट रेकॉर्ड’ या शब्दावरून आणि तू केलेल्या वर्णनावरून तो ‘एस अटर्नी’च आहे. कॅपकॉम या जपानी कंपनीने 2001 मध्ये तो पहिल्यांदा काढला आणि पहिले तीन भाग आता एकत्र मिळतात. त्यात मारामारी नाही. वाचायचं, पुरावे गोळा करायचे आणि साक्षीदाराच्या बोलण्यात विसंगती दिसली की पुरावा पुढे करून ‘ऑब्जेक्शन’ म्हणायचं. यातले पुरावे जिथे साठतात त्याला कोर्ट रेकॉर्ड म्हणतात. तुझ्या भावाने वहीला तेच नाव दिलं, म्हणजे तो गेममध्ये दुःख विसरायला बसलेला नाही. त्याने तिथली हत्यारं उचलून आबांच्या मृत्यूचा खटला घरी चालवला आहे, आणि न्यायाधीश, सरकारी वकील, आरोपी सगळं तोच आहे. बचावाचा वकील तेवढा कुठे दिसत नाही.

आधी हसण्याचं बघू, कारण तुझी भीती तिथे आहे. पहिल्या भागातल्या दुसऱ्या केसमध्ये मिया फे नावाच्या वकील बाईचा तिच्याच ऑफिसात खून होतो. धाकटी बहीण मायाला प्रेत दिसतं आणि पोलीस तिलाच धरून नेतात. सुटल्यावर ही पोरगी बर्गरसाठी हट्ट करते, वकिलाची, म्हणजे फीनिक्स राईटची, टिंगल करते (फीनिक्स म्हणजे गेममध्ये आपण ज्याच्या जागी खेळतो तो). वरवर पाहिलं तर दगडच. पण तिने फीनिक्सच्या ऑफिसात रोज येणं सोडलेलं नाही, आणि आपला काही उपयोग होत नाही असं वाटल्यावर ती पहिल्या भागातल्या चौथ्या केसच्या शेवटी साधनेसाठी गावी परत जाते. दुःख आहेच, फक्त ते रडण्याच्या वाटेने येत नाही. शोकाचा अभ्यास करणारे श्ट्रोब आणि शुट यांनी 1999 मध्ये हेच मांडलं : माणूस काही वेळ गेलेल्या माणसाकडे तोंड करून असतो, काही वेळ रोजच्या जगण्याकडे, आणि या येरझाऱ्या घालणं हीच तब्येतीची खूण. एकाच टोकाला अडकून बसणं वाईट.

मायाच्या बाबतीत गेमने एक सवलत घेतली आहे, तीही तुला ठाऊक असू दे. ती मृतात्म्यांना अंगात बोलावणारी आहे, त्यामुळे मिया ऐन खटल्यात तिच्या रूपाने येऊन सल्ला देते. ज्याचा बाप नुकताच गेला त्या मुलाला हे बघताना बरंही वाटतं आणि पोटात खड्डाही पडतो. तो त्या जागी थबकला तर बोलू नकोस, पाणी आणून दे.

आता खरा मुद्दा. तुझा भाऊ ज्याच्या जागी स्वतःला बसवतोय तो माईल्स एजवर्थ. पहिल्या भागातली चौथी केस. 28 डिसेंबर 2001, भूकंप होतो, कोर्टाची लिफ्ट बंद पडते. आत तिघं : नऊ वर्षांचा माईल्स, त्याचे वकील वडील ग्रेगरी आणि योगी नावाचा कोर्टाचा शिपाई (योगी आडनावच आहे, आपल्याकडचा कुणी नव्हे). पाच तास, हवा संपत आलेली, मोठ्यांची झटापट सुरू. पोराच्या पायाशी पिस्तूल येतं, भांडण थांबावं म्हणून तो ते फेकतो, गोळी सुटते, किंकाळी ऐकू येते, सगळे बेशुद्ध पडतात. वडील मेलेले सापडतात. पुढे पंधरा वर्षं त्याला तेच स्वप्न पडतं. तो बचावाच्या वकिलाचा मुलगा असून कठोर सरकारी वकील होतो, जमीन जरा हलली की गारठतो आणि कुणालाच काही सांगत नाही. शेवटी दुसऱ्याच खटल्यातून निर्दोष सुटतानाच भर कोर्टात उभा राहून म्हणतो की बापाला मीच मारलं.

तेव्हा फीनिक्स काय करत नाही, तिकडे बघ. ‘छे छे, तुझी काही चूक नाही’ असं तो म्हणत नाही. गोळी सुटली हे तो मान्य करतो आणि विचारतो, ती लागली कुणाला? ती लिफ्टच्या दारातून बाहेर उभ्या असलेल्या फॉन कार्मा या सरकारी वकिलाच्या खांद्यात गेलेली असते. त्याने नंतर आत येऊन ग्रेगरीला मारलेलं असतं, आणि वर त्याच्याच पोराला वाढवलेलं असतं. मेटल डिटेक्टर फिरवल्यावर पंधरा वर्षांपूर्वीची गोळी खांद्यात सापडते. (याच केसमध्ये एका पोपटाची उलटतपासणी आहे. भाऊ तिथे हसला तर तूही हस.)

तुझ्या भावासाठी यातलं अर्धंच खरं ठरणार आहे. गेममध्ये गुन्हेगार आधी ठरतो आणि केस मागून विणली जाते, त्यामुळे शोधणाऱ्याला कुणीतरी सापडतंच. हृदयविकाराच्या झटक्याला फॉन कार्मा नसतो. म्हणून त्याची वही कधी संपणार नाही. गुन्हेगार हवा, दुसरा कुणी दिसत नाही, मग हाती लागतो तो स्वतः. तिसऱ्या भागातला गोडो, मियावर प्रेम करणारा सरकारी वकील, असाच आहे. विषबाधेने पाच वर्षं बेशुद्ध, शुद्धीवर आला तर मिया मेलेली, खुनी आधीच पकडलेला. राग ठेवायला जागा उरली नाही, तर तो फीनिक्सवर ठेवला : तू तिला का वाचवलं नाहीस? एका खटल्यात सतरा कप कॉफी पितो तो. काळ्या कॉफीत राग विरघळत नाही, एवढंच कळतं.

म्हणून हा खटला एकदा नीट, दोघांनी मिळून चालवा आणि बंद करा.

आधी एकटीने आबांचा मोबाईल चार्ज करून त्या दुपारच्या कॉलची यादी बघ. त्यांनी फक्त मुलालाच लावला की तुला, आईला, सालदारालाही? बागेत असताना माणूस ‘लाईट आली का बघ’ एवढ्यासाठीही तीन वेळा फोन लावतो. जे दिसेल ते दिसेल, पण त्याच्यासमोर पहिल्यांदा बघू नकोस. मग दवाखान्याचे कागद आणि शवविच्छेदन झालं असेल तर त्या अहवालाची प्रत एका फाईलमध्ये लाव.

मग त्याच्याशी बोल. गेमच्या दुसऱ्या भागात मनात काही दडवलेल्या माणसाभोवती साखळ्या आणि कुलपं दिसतात. एकेक कुलूप योग्य पुराव्याने उघडतं, चुकीचं काही पुढे केलं तर विचारणाऱ्याचीच ताकद घटते, आणि मध्येच सोडून नंतर परत यायची मुभा असते. तुलाही ती आहे. सरळ म्हण : ‘तुझी वही मी न विचारता वाचली, ते चुकलं. त्या वेळा मला समजून घ्यायच्यात.’ आणि गप्प बस. तो उठून गेला तर जाऊ दे, चार दिवसांनी परत विचार. ‘तुझी चूक नाही’ हे वाक्य पहिल्या दिवशी नको. त्याच्याकडे तीन कॉलचा पुरावा आहे, तुझ्या वाक्याकडे एकही नाही. तो मनात म्हणेल, हिला माहीतच नाही, आणि कुलूप आणखी घट्ट होईल.

तो तयार झाला की दोघं फाईल घेऊन फिजिशियनकडे जा. भुसावळ किंवा जळगावला ओळखीचा असेल तर बरं, आणि वेळ घेताना सांग की पेशंट दाखवायचा नाही, कागद समजून घ्यायचे आहेत. प्रश्न त्यालाच लिहू दे. 1.52 ला फोन उचलला असता तर बागेतून दवाखान्यात किती वाजता पोहोचलो असतो? तिथे त्या वेळी कोणता उपचार शक्य होता? त्याआधीच्या दिवसांत काही लक्षणं होती का, जी घरात कुणालाच ओळखता आली नसती? उत्तर बहुधा गुळगुळीत नसेल. डॉक्टर म्हणतील, सांगता येत नाही. किंवा म्हणतील, लवकर आणलं असतं तर संधी होती. दुसरं उत्तर आलं तर घाबरू नकोस आणि ते पुसूही नकोस. त्याच्याच खेळाचा नियम पुढे ठेव : 1.52 च्या कॉलचा अर्थ 2.40 नंतर कळला. नंतर सापडलेल्या पुराव्यावर आधीच्या वेळेचा माणूस दोषी धरता येत नाही. फोन दुसऱ्या खोलीत होता हे खरं आहे, रेकॉर्डवर राहू दे. त्यापुढे ‘आरोपी’ लिहायला आधार नाही. हे तो मान्य करेल असं नाही. वाद घालेल. घालू दे, दहा महिन्यांत पहिल्यांदा समोर कुणीतरी असेल.

निर्दोष ठरलं म्हणजे मोकळं झालं, असंही समजू नकोस. एजवर्थ सुटतो, आणि पुढे काही काळाने मृत्यू निवडल्याची चिठ्ठी ठेवून नाहीसा होतो. तो जिवंत परत येतो, पण तोवर फीनिक्स त्याचं नाव काढू देत नाही इतका चिडलेला असतो. दुसऱ्या भागात तो चिठ्ठीचा विषय येतो तेव्हा भावाला रात्री एकटं खेळू देऊ नकोस. आणि तो स्वतः तसलं काही बोलला, लिहिलं, तर गेममधला संवाद समजून सोडू नकोस. त्याच क्षणी स्पष्ट विचार : ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने विचार पेरला जात नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं ठेवायचं नाही, फवारणीची औषधं कुलपात, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लावायचा, चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. तसं काही नसलं तरी झोप, जेवण, अभ्यास यांची घडी दहा महिन्यांनंतरही बसली नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवच. शोक सहा महिन्यांपलीकडे रोजचं जगणं अडवत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्याला स्वतंत्र आजाराचं नाव आहे, उपचारही आहेत.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, महिन्यावर आली. आबांच्या नावाची घागर भरताना सगळं गाव त्याच्या डोळ्यांकडे बघणार. त्याला आधी विचार की घागर तो भरेल का, डांगर आणि आंबे बाजारातून तो आणेल का. काम हातात असलं की नजरा कमी टोचतात. नको म्हणाला तर काकांना सांग, आणि बायकांना तूच सांग की रडण्याची हजेरी आमच्याकडे घेत नाहीत. वही आईपर्यंत जाऊ देऊ नकोस, निदान तो स्वतः दाखवेपर्यंत.

आणि शेजारी बसून खेळ. लॅपटॉप दोघांना दिसेल असा ठेव, संवाद तू मोठ्याने वाच, पुरावा त्याने निवडावा. पहिली केस छोटी आहे, एका बैठकीत होते, तुला गेम कळायला तेवढी पुरे. मग सरळ चौथीवर जा. तिसरा भाग मात्र या वर्षी राहू दे. त्याच्या शेवटच्या केसमध्ये मायाची कित्येक वर्षं बेपत्ता असलेली आई सापडते आणि मरते, तीही मुलीला वाचवताना. तुमच्या घरात ते इतक्यात नको.

– तुझी मावशी