वाचकांचे प्रश्न : विश्वासणाऱ्याला अधिकार आहे तो कसला?

प्रश्न : प्रभूच्या नावाने सलाम. मी इंदूरला सियागंजमधील एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. अर्धांगवायूमुळे सासूबाईंची डावी बाजू लुळी पडली आहे. घरी प्रार्थनेला येणाऱ्या काही बहिणी म्हणतात की, ख्रिस्ताचा अधिकार आपल्याला मिळालेला असल्यामुळे मी देवाची विनवणी करीत न बसता आजाराला हुकूम सोडावा. मी तसे केले. फरक पडला नाही, तेव्हा माझाच विश्वास तोकडा ठरला. इकडे दुकानात मालक काही विक्री कच्च्या बिलावरच ठेवायला सांगतात आणि तेथे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मग मला अधिकार आहे तो कसला?
– एक भगिनी, इंदूर

उत्तर : प्रिय भगिनी, सलाम. देवाने आपल्याला ख्रिस्ताबरोबर उठवून त्याच्याबरोबर स्वर्गात बसवले, असे प्रेषित पौल इफिस शहरातील विश्वासणाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात सांगतो (इफिसकरांस २:६), म्हणून हा अधिकार खरा आहे आणि करणी, नजर, अपशकुन यांच्या धाकात विश्वासणाऱ्याने राहण्याचे कारण नाही. मात्र हा अधिकार ख्रिस्ताचा आहे. आपण त्यात सहभागी होतो ते त्याच्या अधीन राहून, आणि बरे कोणाला, केव्हा करायचे हे त्याच्याच हाती राहते.

इफिस शहरातच पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन रोग्यांवर घातले असता ते बरे होत (प्रेषितांची कृत्ये १९:१२). त्याच शहरचा त्रफिम हा पौलाचा सोबती पुढे आजारी पडला, तेव्हा पौल त्याला मिलेत शहरात ठेवून आला, आणि ही गोष्ट त्याने आपला सहकारी तीमथ्य याला एका ओळीत, कोणालाही दोष न देता कळवली (२ तीमथ्य ४:२०). पौलाचा विश्वास मधल्या काळात आटला होता, असे त्या बहिणी म्हणतील काय? आजारी माणसाच्या उशाशी बसून घरच्यांच्या विश्वासाचे माप काढणे मला फार निर्दय वाटते. उलट इफिसातच स्किवा नावाच्या यहूदी याजकाच्या सात मुलांनी येशूचे नाव मंत्रासारखे वापरून भूत काढू पाहिले आणि ते घायाळ होऊन उघडेनागडे पळाले, कारण ज्याचे नाव ते घेत होते त्याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता.

पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे ओळखून येशूने काय केले, ते योहान १३:३-५ मध्ये वाचावे. तो भोजनावरून उठला, कंबरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. तुम्ही सासूबाईंची कूस बदलता, लुळ्या हाताची मूठ उलगडून तळवा कोमट पाण्याने पुसता, पाठीला व्रण पडू नये म्हणून चादरीची सुरकुती काढता, तेव्हा त्या अधिकाराच्या बाहेर नसता. औषध आणि डॉक्टरांनी दिलेले व्यायाम चालूच ठेवावेत.

आता बिलाविषयी. स्वर्गात बसवल्याचे सांगणारे तेच पत्र पुढे, लबाडी टाकून खरे बोला (४:२५), इतक्या रोजच्या गोष्टीवर येते. माझ्या मते तुमचा अधिकार आज सर्वांत जास्त तेथे पणाला लागला आहे. मालकांना एकांतात, आदराने सांगावे की, ‘बाकी सारे काम मी चोख करीन, पण खोटी नोंद माझ्या हातून होणार नाही.’ नोकरी जाऊ शकते, हे मी तुमच्यापासून लपवीत नाही. तशी वेळ आल्यास दुसरे काम मिळेपर्यंत तुमचे घर सांभाळणे हे मंडळीचे, म्हणजे तुमच्या चर्चचे, कर्तव्य आहे, म्हणून पाळकांच्या कानावर हे आधीच घालून ठेवावे.

पाळकांच्या त्याच भेटीत मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिची देखरेख करणाऱ्या पुढाऱ्यांना, घरी येण्याची विनंती करावी. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे याकोब ५:१४ सांगते. म्हणजे हा भार एकट्या सुनेवर टाकलेला नाही. सासूबाई बऱ्या व्हाव्यात म्हणून या वडिलांसह देवाला मोकळेपणाने विनवणी करावी, आणि त्या बहिणींनाही त्या दिवशी अवश्य बोलवावे.