किती तपासले ते राहू दे, बीपी किती जणांचं ताब्यात आलं ते सांग

अगं, सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून पहिलीच ऑर्डर साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या उपकेंद्रावर निघाली म्हणून तोंड पाडून बसू नकोस. दहिवडी-म्हसवडकडं पाऊस कमी पण माणसं जीव लावणारी आहेत, आणि तुला जे खाण्यापिण्यातनं आजार अडवायचं काम करायचंय ना, त्याला लहान गाव बरं पडतं. चार महिन्यांत कुणाच्या चुलीवर काय शिजतं ते तुला पाठ होईल.

मीटिंगला टार्गेट मिळेलच, तीस वर्षांवरचे किती तपासले, किती फॉर्म भरले, वगैरे. ते भर, भरावंच लागतं, कामावरचा मोबदला पण असल्याच आकड्यांवर निघतो. फक्त स्वतःसाठी एक वेगळी वही कर आणि बीपीच्या प्रत्येक पेशंटपुढं एकच गोष्ट लिही, या तिमाहीतलं शेवटचं बीपी 140/90 च्या खाली होतं का नाही. बास. हे काय माझं डोकं नाही, 2018 ला हायपरटेन्शन (वाढलेलं बीपी) कंट्रोलचा कार्यक्रम महाराष्ट्रात ज्या पहिल्या चार जिल्ह्यांत सुरू झाला त्यात आपला सातारा होता आणि तिथं सगळी भिस्त याच आकड्यावर होती, 2022 ला त्या कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांचं अवॉर्ड पण मिळालं. मॅनेजमेंटवाले याला व्हॅल्यू बेस्ड केअर म्हणतात, खर्च केला त्याच्या बदल्यात पेशंटच्या तब्येतीत काय फरक पडला ते बघायचं. आपल्याकडं गणित उलटं, सलाईन लावलं की बिल होतं, म्हातारीचं बीपी वर्षभर 130 ला राहिलं तर कुणाचंच बिल होत नाही.

मोजताना घाई नको. उन्हातनं चालत आलेल्या माणसाला पाच मिनिटं गप बसू दे, बाहीवरनं पट्टा गुंडाळू नकोस, नाहीतर नसलेलं बीपी वहीत येईल.

आता वहीत ज्यांचं खाली येत नाही त्यांच्या घरी जा. निम्म्या वेळा गोळी सुटलेली असते, कारण "आता बरं वाटतंय की", बीपी दुखत नाही हीच तर पंचाईत आहे. कोण गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामावर परमुलखात गेलेलं असतं, त्याला जातानाच जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का ते डॉक्टरांना आधी विचारून ठेव.

आणि मग मीठ. "मीठ कमी खा" म्हणून काय होत नाही, सगळे मान हलवतात आणि घरी जाऊन खर्डा खातात. त्यापेक्षा विचार, मिठाची किलोची पुडी किती दिवस जाते? माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत म्हणजे एक सपाट छोटा चमचा, पाच माणसांच्या घराला महिन्याला पाऊण किलो. पुडी वीस दिवसांत संपत असेल तर हिशोब तिथंच कळला, आणि विकतचं फरसाण, पापड त्यात धरलेलंच नाही. आधी ताकातलं आणि खर्ड्यातलं कमी करायला सांग, कालवणातलं हळूहळू, एकदम अळणी केलं तर ताट सरकवतील. आणि हे सगळं एकट्या सुनेला ऐकवू नकोस हं, बीपी सासऱ्याचं आणि बोलणी तिला, असं होतं. सासू-सासऱ्यांना समोर बसवूनच बोल.

शुगरवाल्यांना ओट्स-बिट्स सांगत बसू नकोस. बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी सगळं दारात पिकतं. पण भाकरी गावची म्हणून चार खाल्ल्या तर चालतात असंही नाही, एक कमी कर आणि मटकीची उसळ वाढव, एवढं सांगितलं की पटतं. चहा मात्र धरून बस. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे 40-50 ग्रॅम साखर नुसती चहातनं, आणि मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसाची वरची मर्यादाच साधारण 50 ची. साखरेच्या पट्ट्यात हे सांगणं अवघड जातं, पाहुण्याला बिनसाखरेचा चहा दिला की घराचा अपमान होतो ना. तू स्वतः प्रत्येक घरी बिनसाखरेचा माग, मग बघ.

सुरुवातीला सगळं गाव घेऊ नकोस, एका वाडीतले चाळीसेक पेशंट घे. पहिली तिमाही झाली की वहीच्या पानांचे फोटो पाठव, ज्यांचं खाली आलं नाही त्यांची पानं आधी.