नाखवा, ती गोळी मित्राला परत द्या

"ताई, वय ४७. हर्णै बंदराजवळच्या गावात राहतो, स्वतःची बोट आहे. दीड वर्षापासून बायकोजवळ गेलो की ताठरता टिकत नाही. आधी कधीतरी व्हायचं, आता नेहमीचंच झालंय. सीझनमध्ये चार-चार दिवस दर्यावर असतो, म्हणून झाकलं गेलं. जूनपासून बोट किनाऱ्यावर आहे आणि मी घरात. उकडतं असं सांगून पडवीत झोपतो. बायकोने एकदाच विचारलं, 'दुसरीकडे कुठे मन लागलंय का?' त्यानंतर ती गप्प आहे. मुंबईच्या मित्राने व्हायग्रासारख्या चार गोळ्या दिल्यात, अजून घेतल्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी शिबिरात शुगर निघाली होती. औषध सुरू केलं, मग सोडलं. तंबाखू आहे. जाळं ओढताना कधीकधी छातीत जड होतं. मोठ्या भावाची अँजिओप्लास्टी झालीय, त्याची जिभेखालची गोळी एकदा घेतली, बरं वाटलं. माझी मर्दानगी संपली का? – एक नाखवा"

नाखवा, तुम्ही जवळजवळ सगळं पत्र एका गोष्टीवर लिहिलंत आणि छातीबद्दल शेवटी दोन वाक्यं. मला त्या दोन वाक्यांनी झोप लागू दिली नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

भावाची जिभेखालची गोळी म्हणजे बहुतेक सॉर्बिट्रेट, हृदयाच्या दुखण्यावरची. मित्राने दिलेली बहुतेक सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध. या दोन गोळ्या एका अंगात एका दिवशी गेल्या, तर रक्तदाब इतका खाली येऊ शकतो की माणूस जागेवर कोसळतो. जीवही जातो. समजा, तुम्ही रात्री मित्राची गोळी घेतली, छातीत जड झालं आणि सवयीने भावाच्या डबीत हात घातला. घरातल्या कुणालाच काही माहीत नाही, १०८ ची गाडी आली तरी त्या डॉक्टरला कोण सांगणार? सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास सॉर्बिट्रेट चालत नाही, आणि त्याच जातीचं टॅडालाफिल असेल तर ४८ तास. तुमच्या चार गोळ्या कुठल्या आहेत हे तुम्हालाही ठाऊक नाही. म्हणून त्या परत द्या, आणि भावाच्या डबीलाही स्वतःच्या मनाने हात लावू नका.

या दोघींचं वैर समजून घ्यायचं तर ताठरता येते कशी ते बघावं लागेल. मनात इच्छा झाली की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून आणि नसांच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साईड नावाचा वायू सुटतो. त्याने वाहिन्या सैल होतात, लिंगातल्या स्पंजासारख्या भागात रक्त भरतं आणि ते बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. सिल्डेनाफिल हा सैलपणा टिकवून धरतं. सॉर्बिट्रेट सगळ्या शरीरात हाच सैलपणा आणतं. दोन्ही एकदम आली की सगळ्या वाहिन्या एकाच वेळी ढिल्या पडतात. सिल्डेनाफिल मुळात छातीच्या दुखण्यासाठीच तपासत होते. तिथे त्याचा फारसा उपयोग दिसला नाही, पण हा दुसरा परिणाम लक्षात आला आणि १९९८ साली अमेरिकेत या तक्रारीवर त्याला मान्यता मिळाली.

आता तुमचा प्रश्न. मर्दानगी संपलेली नाही. तुमच्या इंजिनात डिझेलला कचरा लागला तर आधी बारीक नळी चोंदते ना? लिंगाच्या धमन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. रक्तात साखर वाढलेली, त्यात तंबाखू, की वाहिन्यांचं अस्तर आधी बारीक ठिकाणी बिघडतं. म्हणून ही तक्रार पुष्कळदा हृदयाच्या दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी येते. तुम्हाला दीड वर्ष झालंय, शुगर आहे, भावाला हृदयाचा त्रास आहे आणि श्रमाने छाती जड होते. मी डॉक्टर नाही, पण हे चारही धागे एका माणसात असताना मी एक आठवडाही थांबणार नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून बोट सोडाल, मग किनाऱ्यापासून कित्येक मैल आत छातीत कळ आली तर तिथे कोण आहे? मासेमारी बंदीचे हे दिवस तपासणीसाठीच वापरा.

शुगरने नसाही बधिर होतात, म्हणजे दोन्हीकडून मार. औषध तुम्ही का सोडलंत ते लिहिलं नाहीत. 'बरं वाटत होतं' म्हणून असेल, तर साखर तिथेच फसवते.

एक गोष्ट डॉक्टर नक्की विचारतील: पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का? असेल, तर मनाचा भाग मोठा. एकदा जमलं नाही की पुढच्या वेळी मन तेवढीच पाळत ठेवतं आणि भीतीनेच सगळं ओसरतं. पहाटेचीही हळूहळू गेली असेल, तर शरीराकडे बोट जातं. तुमच्या वयात बहुधा दोन्ही मिसळलेलं असतं. ब्लडप्रेशरच्या आणि नैराश्याच्या काही औषधांनीही हे होतं; अशी गोळी चालू असेल तर ती स्वतः बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात.

दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. सरकारी आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरवर 'छातीत जड होतं' एवढं लिहिलंत तरी चालेल, बाकीचं आत डॉक्टरांना सांगा. रक्तदाब, ईसीजी, कोलेस्टेरॉल, तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीए१सी, आणि त्यांना वाटलं तर सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची तपासणी. हृदयाकडे बघून झालं, त्यांनी परवानगी दिली, की मग गोळीचा विचार. साधारण तासभर आधी, पोटभर तळलेलं न खाता घ्यायची. गोळीने इच्छा येत नाही, ती मनातूनच यावी लागते. पहिल्या खेपेला जमलं नाही म्हणून गोळी वाया गेली असं नाही. ताठरता चार तासांहून जास्त टिकली तर मात्र थेट दवाखाना. गोळीने भागलं नाही तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रियाही आहे.

एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या 'हमखास ताकद' वाल्यांकडे मात्र जाऊ नका. अशा जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. आणि 'शुद्ध जडीबुटी' म्हणून विकलेल्या कित्येक पुड्यांत तपासणीत हेच सिल्डेनाफिल गुपचूप घातलेलं सापडलंय. तुमच्यासारख्याला ते सगळ्यात घातक.

तंबाखू सोडा म्हणते, सोपं नाही हे माहीत असून. दर्यावर रात्रभर जागताना तोंडात बार लागतो. पण या दोन महिन्यांत रात्रपाळी नाही. सोडायला याहून बरा काळ तुम्हाला वर्षात मिळत नाही.

आता वहिनी. नाखवा, आषाढात, पावळीचं पाणी अंगावर उडत असताना उकडतं म्हणून पडवीत कोण झोपतं? त्यांना तुमचं कारण एका रात्रीपुरतंही पटलेलं नाही. म्हणून तर तो प्रश्न आला. तुम्ही लाजेने गप्प आहात आणि त्या असं धरून बसल्यात की आपण आता नवऱ्याला नकोशा झालो. या विषयावर मला बायकांची जी पत्रं येतात, त्यांत शरीरसुखाची तक्रार क्वचित असते. 'हे माझ्याशी बोलत का नाहीत' हीच असते.

मोठं भाषण नको. जाळं तुणायला बसाल तेव्हा, हात कामात आणि नजर जाळ्यात असताना सांगा: "दुसरीकडे काही नाही. दीड वर्षापासून माझं शरीर साथ देत नाही, मला लाज वाटत होती. छातीतही जड होतं. सोमवारी दापोलीला जाऊ, तू पण चल." छातीचं ऐकून त्या घाबरतील, कदाचित चिडतील की इतके दिवस लपवलंत. चिडू द्या. दवाखान्यात मात्र त्यांना सोबत आत न्या, कारण भावाची गोळी घेतल्याचं तुम्ही डॉक्टरांना सांगायला विसराल, त्या विसरणार नाहीत.

त्याआधीच छातीत जड झालं आणि बसून राहूनही पाच-दहा मिनिटांत थांबलं नाही, घाम फुटला, तर सोमवारची वाट बघू नका. १०८.

एचबीए१सीचा आकडा आणि ईसीजीबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. वाट बघतेय.

– ताई