धरणाचं पाणी झिरपतंय, घाबरावं का?

प्रश्न : आमच्या गावाला पाणी पुरवणाऱ्या मातीच्या धरणाच्या पायथ्याशी ओल दिसते. धोका आहे का?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : मातीचं धरण थोडंफार झिरपतंच. मी नोकरीत असताना पायथ्याचं पाणी काचेच्या बाटलीत भरून उन्हात धरायचो. नितळ असलं आणि एकाएकी वाढलं नसलं, तर घोर लावून घेऊ नका. गढूळ आलं, तर भराव आतून पोखरला जातोय. मग एक दिवसही थांबू नका. बांधावर वाढलेली झाडंसुद्धा काढायला लावा, मुळं कुजली की पाण्याला वाट मिळते. चिपळूण तालुक्यातल्या तिवरे गावच्या लोकांनी गळतीची तक्रार आधीच केली होती. २ जुलै २०१९ च्या रात्री धरण फुटलं, माणसं वाहून गेली. अर्ज लेखीच द्या, पोच घ्या आणि तहसीलदारांनाही प्रत पाठवा.