मठ्ठा आणायला आत गेलेला भाऊ

‘मॅडम, सख्ख्या भावाशी बोलणं बंद झालंय. कारण विचाराल तर राजकारण.’

गेल्या काही वर्षांत हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा ऐकलंय की मोजदाद ठेवणं सोडलं. कधी भावाऐवजी सासरे असतात, कधी कॉलेजपासूनचा मित्र, कधी पोटचा मुलगा. विचारणारे बरेचदा पुरोगामी घरातले, चळवळीच्या वातावरणात वाढलेले असतात. आणि त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग मी काय करू? गप्प बसू, की मतं गुंडाळून ठेवू?’

त्याचं उत्तर एका ताईंच्या हकिगतीतून देते. लिहायला त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई सहासष्ट वर्षांच्या. वडील छापखान्यात कंपोझिटर, घर पुण्यातल्या पेठेत, वाड्यात दोन खोल्यांचं. शाळेत असल्यापासून समाजवादी विचारांच्या राष्ट्र सेवा दलाची शाखा, पुढे त्याचंच कलापथक. ज्या कलापथकाच्या परंपरेतून निळू फुले आणि दादा कोंडके आले, त्यातली ही मुलगी; सत्तेला चिमटा कसा काढायचा, टाळी कुठे पडते, थांबायचं कुठे, हे सगळं तिथे अंगात मुरलं. राज्यशास्त्रात एम.ए. केलं, नोकरी केली, मोर्चे केले. आजही दर शनिवारी सकाळी त्यांचा सात-आठ जणांचा जुना कंपू तळजाईच्या टेकडीवर फिरायला जातो आणि खाली उतरून चहा घेतो. त्या चहाच्या टेबलावर ताईंचा शब्द म्हणजे शब्द.

माझ्याकडे त्या आल्या झोपेसाठी. पहाटे साडेतीनला जाग येते, हात उशाखालच्या मोबाइलकडे जातो आणि उजाडेपर्यंत बातम्या. छातीत धडधड. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं, म्हणून समुपदेशन. ‘देशाचं हे असं चाललंय, झोप लागेल कशी?’ असं त्या म्हणाल्या. मी मान डोलावली, कारण ते खोटं नव्हतं. मात्र देशाचं दुखणं आणि घरातलं दुखणं एकाच अंथरुणात झोपतात, आणि पहाटे जागं कोण करतं हे चटकन कळत नाही.

दुसऱ्या भेटीत भाऊ निघाला. तीन वर्षांनी धाकटा, बँकेतून निवृत्त, सिंहगड रस्त्याला राहतो. ‘तो आता त्यांच्यातला झालाय’, ताई म्हणाल्या. कुणाच्यातला, हे मी विचारलं नाही; लागणारही नव्हतं. भाऊबीजेला त्याने ‘बाहेरगावी आहोत’ असा निरोप पाठवला होता. ताई संध्याकाळी त्याच्या सोसायटीवरून गेल्या तेव्हा बाल्कनीत आकाशकंदील लागलेला होता आणि आत टीव्ही चालू होता.

‘त्याआधी काही झालं होतं?’

झालं होतं. गौरी जेवणाच्या दिवशी भावाकडे पन्नासेक माणसं, त्यात त्याच्या मुलीचे नवे व्याही. जेवताना विषय निवडणुकीवर गेला. भाऊ त्याच्या बाजूचं काहीतरी बोलला. ताई म्हणाल्या, ‘आमच्या धाकट्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या नोटा मोजल्या, आता दुसऱ्याची मतं मोजतोय. स्वतःचं म्हणून काही ठेवलंच नाही त्याने!’

पंगत हसली. व्याहीसुद्धा हसले. पुढच्या शनिवारी टेकडीखालच्या चहावर ताईंनी तोच किस्सा सांगितला, तिथे तर टाळ्या पडल्या. मला सांगतानाही त्यांचा चेहरा उजळला होता. वाक्य बसलंच होतं तसं.

मी विचारलं, ‘भाऊ तेव्हा काय करत होता?’

‘तो? तोही हसला. मग मठ्ठा आणायला आत गेला.’

‘किती वेळाने आला?’

ताई थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आलाच नाही. मठ्ठा सुनेने वाढला.’

तो तास तिथेच संपला. मी काही समजावलं नाही.

विनोदाबद्दल इथे थोडं सांगायला हवं, कारण पुरोगामी घरांत विनोद म्हणजे करमणूक एवढंच नसतं. पुण्याला त्याची जुनी परंपरा आहे. सत्यशोधक समाजाची स्थापना इथलीच, १८७३ सालची. पुढे निघालेल्या सत्यशोधकी जलशांनी भिक्षुकशाहीची आणि सावकारीची टर उडवत गावोगाव माणसं जागी केली. ज्याच्या हाती सत्ता नाही त्याला हसण्याने बळ येतं, हे मी मनापासून मानते. निराशेच्या दिवसांत तर टेकडीखालचा तो चहा ताईंना औषधासारखाच होता. तो बंद करा, असं मी कधीच म्हणाले नसते.

पण मानसशास्त्रात विनोदाचे प्रकार वेगळे काढून पाहतात. रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात चार तऱ्हा आहेत: माणसं जोडणारा विनोद, अडचणीत स्वतःला सावरणारा विनोद, दुसऱ्याला बोचणारा विनोद आणि स्वतःलाच खाली पाडणारा विनोद. गंमत अशी की वाक्य तेच राहतं आणि तऱ्हा बदलते, कारण ती ठरते समोर कोण बसलंय त्यावर. मंत्र्यावर केलेला शेरा मंत्र्याच्या कानावरही जात नाही. भावावर केलेला शेरा भावाच्या पानात पडतो, त्याच्या व्याह्यांच्या देखत. अमेरिकेतले जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षं जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास केला. नातं मोडण्याच्या ज्या खुणा त्यांना सापडल्या, त्यांत सगळ्यात घातक तुच्छता. डोळे फिरवणं, नक्कल करणं, टोमणा. मतभेदाने नात्याला ओरखडा पडतो, तुच्छतेने ते आतून कुजतं. मी हे जोडप्यांत तर पाहतेच, भावंडांतही पाहिलंय.

ताईंना मी एक साधा गृहपाठ दिला. पंधरा दिवस, आपण केलेला प्रत्येक विनोद वहीत लिहायचा. कुणावर केला, समोर कोण होतं, आणि कोण हसलं नाही. तिसरा रकाना महत्त्वाचा.

वही भरून आली. सरकारवरचे, महानगरपालिकेवरचे, रस्त्यावरच्या खड्ड्यांवरचे कितीतरी. त्यांच्यापुढे तिसरा रकाना रिकामा. मग पाच नोंदी घरातल्या आणि शेजारच्या माणसांवरच्या. यजमान सकाळी जपाची माळ घेऊन बसतात, त्यावर. सून संकष्टीचा उपास करते, त्यावर. शेजारच्या काकूंनी पाठवलेल्या मजकुरावर, त्या समोर असताना. या पाचही नोंदींपुढे तिसऱ्या रकान्यात त्याच माणसाचं नाव होतं, ज्याच्यावर विनोद झाला. ‘सून’ हा शब्द दोनदा लिहून एकदा खोडलेला. ताई म्हणाल्या, ‘मला वाटायचं, आमच्या घरात मोकळेपणा आहे. मोकळी मीच होते.’

मग आम्ही भावाच्या वाक्यावर परत आलो. मी विचारलं, ‘स्वतःचं म्हणून काही ठेवलं नाही, हे खरं आहे का?’ वाद घालायला विचारलं नव्हतं, मला माहीत नव्हतं म्हणून विचारलं. त्यावर जे आलं ते ताईंनी चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नसावं. वडिलांचे डोळे अधू झाले, छापखान्यातलं काम सुटलं. ताई तेव्हा एम.ए.च्या पहिल्या वर्षाला, भाऊ बी.कॉम.च्या दुसऱ्या. दोघांपैकी एकाने कमवायला लागणं भाग होतं. बँकेची परीक्षा भावाने दिली, कॅशला लागला, पदवी बाहेरून पुरी केली. त्याला तबला शिकायचा होता. ताईंचं एम.ए., त्यांची शिबिरं, त्यांच्या पदयात्रा, सगळं त्या पगारावर झालं. याबद्दल घरात कधी कुणी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्याच्या नोटा मोजल्या, स्वतःचं काही ठेवलं नाही. हे त्या माणसाला कुठे लागलं असेल ते सांगायला समुपदेशक लागत नाही. राजकारणाचा त्यात संबंध फार थोडा होता.

ताई बराच वेळ रडल्या. मग जरा सावरून त्यांनी मुद्दा काढला, आणि तो हलका नव्हता: ‘पण मॅडम, त्याची मतं मला पटत नाहीत ती नाहीतच. दाभोलकरांना मारलं त्या शहरात राहून मी गोड गोड बोलू?’ २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या झाडल्या गेल्या. ताई दर वर्षी त्या सकाळी पुलावर जातात. त्यांची पहाटेची जाग तेव्हापासूनचीच, हेही त्या दिवशी कळलं. मी विचारलं, त्या सकाळी तुम्हाला पहिला फोन कुणाचा आला होता? त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. फोन भावाचा होता. ‘ताई, तू घरी आहेस ना? आज टेकडीवर जाऊ नकोस.’

मतं सोडा, असं मी कुणालाच सांगत नाही. माणसाच्या निष्ठा हा आजार नाही, आणि समुपदेशकाने त्या घासून गुळगुळीत करू नयेत. काही घरांत तर अंतर ठेवणंच योग्य असतं. जिथे जातीवरून, धर्मावरून शिवीगाळ होते, मुलीच्या लग्नावरून धमक्या येतात, तिथे मी ‘जुळवून घ्या’ म्हणत नाही. तिथे सुरक्षितता आधी. ताईंच्या भावाने तसलं काही केलं नव्हतं. तो वेगळं मत देत होता आणि कधी कधी चुकीची माहिती पुढे ढकलत होता.

विवेकनिष्ठ मानसोपचारात अल्बर्ट एलिस यांनी एक भेद शिकवला, तो इथे फार कामाला आला. ‘भावाने माझ्यासारखा विचार केला तर मला आवडेल’ ही झाली इच्छा. ‘माझ्या भावाने असा विचार करताच कामा नये’ ही झाली मागणी. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं. मागणी पुरी झाली नाही तर संताप येतो, आणि संताप जीभ चालवतो. ताईंनी हे वाक्य वहीत स्वतःच्या शब्दांत लिहिलं: ‘तो वेगळा आहे याचं मला वाईट वाटतं. वाटू दे.’

झोपेचं काम समांतर चालू होतं. मोबाइल रात्री नऊनंतर स्वयंपाकघरात, उशाशी चावीचं घड्याळ. जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, डोळे जड झाले की परत. बातम्या सकाळच्या चहानंतर, अर्धा तास, कागदावर छापलेल्या. तीन आठवड्यांत झोप पूर्ण नाही, पण बरीच सुधारली.

भावाशी बोलायचं कसं, यावर मात्र आम्ही अडलो. ताईंचं म्हणणं, वेळ गेली. ‘टिळक-आगरकरही शेवटी बोलत नव्हते.’ पुण्यात हा दाखला कुणीही देतं. मी म्हटलं, पूर्ण सांगा की मग. १८८२ मध्ये दोघं डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पुढे सुधारणेच्या प्रश्नावरून फाटलं, एकमेकांवर जहरी लिहिलं. याच शहरात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. १८९५ मध्ये आगरकर गेले, चाळिशीही गाठली नव्हती, तेव्हा केसरीत त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनी लिहिला.

ताई म्हणाल्या, ‘म्हणजे मृत्युलेखातच बोलायचं.’

‘तुम्हाला चालेल?’

त्यांनी उत्तर दिलं नाही, पिशवी उचलली.

माझ्या दोनच सूचना होत्या. सणाच्या दिवशी जाऊ नका; सणाला प्रेक्षक असतात, आणि प्रेक्षक दिसले की तुमच्यातलं कलापथक जागं होतं. साध्या मंगळवारी जा. आणि माफी मागताना ‘तुला लागलं असेल तर’ असं म्हणू नका. लागलंय.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी ताई एकट्या सिंहगड रस्त्याला गेल्या. भाऊ शेंगा सोलत बसला होता. वहिनी बाहेर गेल्या होत्या. ताईही शेंगा सोलायला बसल्या. मग म्हणाल्या, ‘गौरीच्या दिवशी मी जे बोलले ते वाईट होतं. आणि खोटं होतं. माझं एम.ए. तुझ्या नोटांवर झालं.’

भाऊ शेंगा सोलत राहिला. व्याह्यांसमोर झालं ते मुलीला अजून लागलेलं आहे, ते तो विसरणार नाही, असंही म्हणाला. ताईंनी ऐकून घेतलं. मग चहा झाला. चहाबरोबर निवडणूक निघाली, दोघांचे आवाज चढले, आणि दहा मिनिटांनी आपोआप उतरले. ताई म्हणाल्या, एकदा वाक्य अगदी जिभेवर आलं होतं, फार छान होतं, पण समोर तोच होता.

निघताना तो जिन्यापर्यंत आला. चप्पल घालताना ताईंनी विचारलं, ‘तुला आठवतं का रे, एम.ए.च्या परीक्षेची फी भरायची होती तेव्हाचं?’

‘मीच तर गेलो होतो विद्यापीठात’, तो म्हणाला. ‘रांग फार मोठी होती.’

हे सांगताना ताईंनी ते वाक्य मला दोनदा ऐकवलं.