खरेदीखत नोंदलेलं असताना जमीन सरकारी निघाली, तर कोर्टात टिकेल का?

वडिलांनी २० वर्षांपूर्वी रीतसर खरेदीखत करून घेतलेली जमीन सरकारी असल्याची नोटीस तहसीलदाराकडून आली, कोर्टात जिंकू का, असं विचारलंय. बहुतेक नाही. दुय्यम निबंधक मुद्रांक शुल्क बघतो, विकणाऱ्याची मालकी तपासत बसत नाही. जे त्याचं नव्हतंच, ते तुमचं कसं होणार?

आमच्या घरात यावरून अजून धुसफूस आहे. थोरल्या काकांनी वर्ग २ ची, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली, दीड एकर घ्यायचं काढलं तेव्हा सातबारा मी हातात घेतला. इतर हक्कात स्वच्छ छापलेलं: जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरणास बंदी. मी बोट ठेवून दाखवलं. चुलतभाऊ म्हणाला, ‘फेरफार झाला की झालं, गावात सगळ्यांनी अशाच घेतल्यात.’ आणि खरंच, फेरफार झाला, सातबाऱ्यावर नाव लागलं. विहीर पाडली, डाळिंब लावलं. मग कुणीतरी तक्रार केली, शर्तभंगाची नोटीस आली, प्रांतापासून आयुक्तांपर्यंत वारी झाली आणि जमीन सरकारजमा. चुलतभाऊ आजही म्हणतो, वकील कच्चा निघाला. वकील काय करणार, कपाळ? फेरफार असतो महसुलापुरता. त्याने मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने कितीदा सांगितलंय.

‘पण वरून मंजुरी होती’ म्हणणाऱ्यांनी पुण्याचं कोंढवा बुद्रुक बघावं. १८७९ पासून राखीव वन असलेली ११.८९ हेक्टर जमीन १९९८ मध्ये शेतीसाठी म्हणून एका कुटुंबाला दिली, त्यांच्याकडून ती गृहनिर्माण संस्थेकडे गेली. १५ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ते वाटपच रद्द करून जमीन वनखात्याला द्यायला लावली. बारा वर्षं कब्जा आहे म्हणून मालकी मागायचा मुद्दाही सोडा, सरकारविरुद्ध मुदत ३० वर्षांची असते.

हां, तुमची जमीन नेमकी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. वर्ग २ असेल तर काही प्रकारांत नजराणा (सरकारला भरायची रक्कम) नि दंड भरून व्यवहार नियमानुकूल होतो. गायरान असेल तर गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर कठीणच. सरकारवर दावा लावायचा तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. जुने फेरफार आणि मूळ वाटपाचा आदेश यांच्या नकला काढून मगच वकिलाकडे जा.

आणि मुदत असेल तर विकणाऱ्यावर पैशांचा दावा ठोका. आमच्याकडे तो ठोकलाच नाही. विकणारा चुलतभावाचा सासरा होता.